प्रश्न वाचकांचे : चाव्यापासून पौर्णिमेपर्यंत

गेल्या अंकात पिसाळलेल्या जनावरांच्या दंशाविषयी लिहिताना माणसाचा लांडगा होण्याच्या युरोपीय कथांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे उत्तरांसह देत आहे. या विकाराला मी ‘वृकबाधा’ म्हणणार आहे. मराठीत भूतबाधाही असते आणि विषबाधाही असते. साथीच्या दिवसांत आपण रुग्णाला ‘बाधित’ म्हणतो. ज्या सीमारेषेवर हे सगळे प्रश्न उभे आहेत, ती या एकाच शब्दात आधीपासून सामावलेली आहे.

प्रश्न : मी एक अद्भुतकादंबरी लिहीत आहे. तिच्यातील राज्यात लांडग्याच्या चाव्यामुळे माणूस दर पौर्णिमेला लांडगा होतो. याला शाप न मानता मला रोग मानायचे आहे. राजवैद्याला या रोगाचे कोणते नियम सापडावेत? (एक वाचक, नाशिक)

आपल्या राजवैद्याने सुरुवात सुश्रुतापासून करावी, असे मी सुचवेन. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातील सातवा अध्याय मुख्यतः उंदरांच्या विषाचा आहे, परंतु त्याच अध्यायात पुढे कुत्रा, कोल्हा, तरस, अस्वल, वाघ अशी जनावरे पिसाळली म्हणजे काय होते आणि ती माणसाला चावली म्हणजे काय होते, याचे वर्णन येते. त्यातील दोन लक्षणे आपल्या कादंबरीसाठी जणू राखून ठेवलेली आहेत. ज्या जनावराने दंश केला, त्याच्याच हालचाली आणि त्याचाच आवाज रोगी पुन्हा पुन्हा करू लागला, तर तो वाचत नाही, असे सुश्रुत सांगतो. आणि पाण्यात किंवा आरशात रोग्याला स्वतःऐवजी ते जनावर दिसू लागले, तर तेही मरणाचे चिन्ह होय. त्यालाच जोडून पाण्याच्या भीतीचे, म्हणजे जलत्रासाचे, वर्णन येते. चावणाऱ्याचे रूप चावलेल्यात उतरते ही कल्पना, म्हणजे वृकबाधेचा गाभाच, येथे एका वैद्यकीय ग्रंथात रोगलक्षण म्हणून नोंदलेली आहे.

आज आपण त्या रोगाला रेबीज म्हणतो आणि त्याची वाटचाल आपल्याला ठाऊक आहे. लाळेतील विषाणू जखमेतून शिरतो, मज्जातंतूंमधून सावकाश मेंदूकडे सरकतो आणि मेंदूत पोहोचल्यावर पुन्हा लाळग्रंथींत उतरतो. पुढच्या चाव्याची तयारी तो अशी करतो. लक्षणे दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात. कधी आठवडाभर पुरतो, तर कधी वर्षाहून अधिक काळ जातो. चावा चेहऱ्यावर किंवा मानेवर असेल तर मेंदूचे अंतर कमी, म्हणून मुदतही कमी. लक्षणे एकदा सुरू झाली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, पण त्याआधी उपचार मिळाले तर बहुतेक सगळे वाचतात.

माझ्या मते आपली कादंबरी या मधल्या दिवसांत आहे. चाव्यानंतर आणि पहिल्या पौर्णिमेआधी तो माणूस घरात जेवतो, शेतावर जातो, मुलाला मांडीवर घेतो. जखमेवर खपली धरलेली असते आणि त्याला काहीही झालेले नसते. रूपांतराचे प्रसंग लिहिण्याचा मोह प्रत्येक लेखकाला होतो, कारण ते डोळ्यांसमोर उभे राहतात, परंतु रोगाची खरी भीती या शांत दिवसांची असते. विद्यार्थी असताना संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डात मी असा एक रुग्ण पाहिला आहे. चावा चार महिन्यांपूर्वीचा होता आणि घरच्यांनी जखमेवर हळद आणि तिखट भरले होते. पेला ओठांपर्यंत नेताना त्याच्या घशाला बसलेला पीळ माझ्या लक्षात राहिला आहे. परंतु त्याहून अधिक लक्षात राहिली आहे ती त्याची आई, जी सारखी एकच सांगत होती की, परवापर्यंत हा अगदी चांगला होता.

म्हणून पहिला नियम असा असावा, की उपचाराला एक मुदत आहे आणि ती चावा कोठे बसला यावर ठरते. याला इतिहासाचा आधार आहे. लुई पाश्चरने 6 जुलै 1885 रोजी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस टोचण्यास सुरुवात केली, हे शाळेच्या पुस्तकात येते. त्यापुढची हकिगत आपल्याला अधिक उपयोगी पडेल. मार्च 1886 मध्ये रशियातील स्मोलेन्स्क भागातून 19 माणसे पॅरिसला आली. त्यांना पिसाळलेल्या लांडग्याने चावे घेतले होते आणि चाव्यांना सुमारे दोन आठवडे उलटून गेले होते. लांडगा कुत्र्यासारखा पोटरीला चावून पळत नाही. तो डोक्याचे आणि चेहऱ्याचे लचके तोडतो. त्या 19 जणांपैकी तिघे दगावले आणि 16 जण घरी परतले. आपल्या राजवैद्याकडेही असेच एखाद्या सीमेवरच्या गावातले लोक गाड्या जुंपून येऊ शकतील, आणि कोणाची मुदत संपली आहे हे त्याला जखमेची जागा पाहून ठरवावे लागेल.

दुसरा नियम हिशेबाचा आहे. प्रत्येक बाधित माणूस दर पौर्णिमेला फक्त एका नव्या माणसाला चावून बाधित करतो, असे धरा. एका रोग्यापासून सुरुवात केली तर बाराव्या पौर्णिमेनंतर 4,096 रोगी होतील आणि चोविसाव्या पौर्णिमेनंतर 1 कोटी 67 लाखांहून अधिक. दोन वर्षांत राज्यात लांडग्यांशिवाय कोणी उरणार नाही. जुन्या कथांना ही अडचण नव्हती, कारण त्यांत वृकत्व सहसा पसरत नसे. ते जादूचा पट्टा बांधल्याने, लेप लावल्याने किंवा देवाच्या कोपाने येई. आपल्याकडे इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन याने एकोणिसाव्या शतकात मध्य भारतातील ज्या हकिगती नोंदवल्या, त्यांत माणूस एक मुळी खाऊन वाघ होतो आणि दुसरी खाऊन परत माणूस होतो. चाव्याचा तेथे संबंध नाही. चाव्यातून पसरणारी वृकबाधा लोकप्रिय झाली ती मुख्यतः विसाव्या शतकातील चित्रपटांमुळे. तेव्हा आपण ही नवी रीत स्वीकारत असाल तर तिला लगाम हवा. बहुतेक जखमी त्या रात्रीच मरतात, असे करता येईल. रेबीजसारखेही करता येईल, कारण माणसाकडून माणसाला रेबीज होणे अवयवरोपणासारखे अपवाद वगळता जवळपास घडत नाही. रोगाचे मूळ जंगलातील लांडग्यांतच राहते आणि बाधित माणूस ही त्या साखळीची शेवटची कडी ठरते. हा दुसरा पर्याय मला अधिक आवडतो. गावकरी ज्याला घाबरून मारतात, त्याच्यापासून रोग पसरतच नव्हता, हे राजवैद्याला उशिरा कळावे.

कादंबरीबाहेरचे एक वाक्य येथे लिहिणे मला आवश्यक वाटते. कोणालाही कुत्रा, मांजर, माकड किंवा रानजनावर चावले तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने 15 मिनिटे धुवावी, तिच्यात चुना, तिखट किंवा हळद भरू नये आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही, लागते.

प्रश्न : रोगाला पौर्णिमा कशी कळते? शाप असेल तर प्रश्नच नाही, पण रोग असेल तर त्याचा चंद्राशी संबंध लावायचा कसा? (एक शिक्षिका, कोल्हापूर)

रोग घड्याळ पाळतात, यात आश्चर्य नाही. हिवतापाचा ताप एक दिवस आड किंवा दोन दिवस आड येतो. आपले वृद्ध लोक त्याला तिजारा आणि चौथारा म्हणत, तर आयुर्वेदात तृतीयक आणि चतुर्थक ज्वर म्हटले आहे. याचे कारण रक्तातील परोपजीवींची पिढी 48 किंवा 72 तासांत पुरी होते आणि तांबड्या पेशी एकदम फुटतात. हत्तीरोगाचे उदाहरण याहूनही बोलके आहे. त्याचे सूक्ष्म जंतू दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री, जेव्हा डास चावतात तेव्हा, अंगभर रक्तात उतरतात. म्हणूनच पूर्व विदर्भात आरोग्य कर्मचारी रात्री दारोदार जाऊन लोकांच्या बोटातून रक्त घेतात. दिवसा घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडत नाहीत. रात्री जागा होणारा रोग ही कविकल्पना नाही, तो भंडारा-गडचिरोलीच्या आरोग्य केंद्रांतील रोजचा कामाचा भाग आहे.

चंद्राचा प्रश्न वेगळा आहे. समुद्रातील काही कृमी आणि प्रवाळ चंद्राच्या कलेनुसार अंडी सोडतात, म्हणजे सजीवाच्या अंगी चांद्रमासाचे घड्याळ असू शकते. माणसाच्या वेडाचा आणि पौर्णिमा-अमावास्येचा संबंध मात्र आपण समजतो तितका सिद्ध झालेला नाही. डिसेंबर 2000 मध्ये एकाच ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन शोधनिबंध शेजारीशेजारी छापले गेले होते. जनावरांचे चावे पौर्णिमेच्या आसपास वाढतात, असे इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या नोंदींवरून दिसले. ऑस्ट्रेलियातील नोंदींत मात्र तसे काहीच आढळले नाही.

आपल्या दुनियेत काय ठरवायचे, हे आपण आधीच पक्के करावे, कारण त्यावर सगळे अवलंबून आहे. चांदणे हेच कारण असेल तर जाड पडदा हेच औषध, आणि पावसाळ्यात चार महिने राज्य निर्धास्त झोपेल. चंद्राचे आकर्षण कारण असेल तर तळघरात कोंडूनही रूपांतर टळणार नाही. तिसरी शक्यता मला सर्वांत सुंदर वाटते, ती अशी की घड्याळ रोगजंतूच्या अंगात आहे आणि लोकांनी ते चंद्राला जोडले आहे. चांद्रमास सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा असतो. रोगजंतूचे चक्र नेमके 28 दिवसांचे असेल, तर पहिले रूपांतर पौर्णिमेला झाले तरी पुढचे दीड दिवस आधी होईल, त्यापुढचे तीन दिवस आधी, आणि अकराव्या खेपेला तो माणूस थेट अमावास्येच्या सुमारास लांडगा होईल. ज्या गावात पौर्णिमेला दारे लावून घेण्याची रीत आहे, तेथे अमावास्येला सगळी दारे उघडी असतील. ही गोष्ट कोणाही पुरोहिताच्या लक्षात येणार नाही. जी दाई किंवा जो वैद्य वहीत रोज तिथी मांडतो, त्याच्याच लक्षात येईल. आपण शिक्षिका आहात. हजेरीपुस्तक काय काय सांगू शकते, हे आपणांस सांगायला नको.

प्रश्न : वृकबाधेला खरोखरीच्या वैद्यकात कधी रोग मानले गेले का? पोर्फायरिया या आजारामुळे या कथा निर्माण झाल्या, असे अनेक ठिकाणी वाचले. (एक वाचक, सध्या जर्मनीत)

मानले गेले, आणि फार पूर्वी. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात मार्सेलस या ग्रीक वैद्याने त्यावर लिहिले आणि सातव्या शतकातील पॉल या वैद्याने तेच वर्णन पुढे नेले. त्यानुसार असे रोगी रात्री घराबाहेर पडतात, पहाटेपर्यंत थडग्यांभोवती भटकतात, त्यांचा चेहरा फिकट, डोळे कोरडे आणि जीभ शुष्क असते, तहान सारखी लागते आणि अंधारात ठेचकाळून त्यांच्या नडग्यांवर न बऱ्या होणाऱ्या जखमा झालेल्या असतात. हा मजकूर मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा त्या नडग्यांवर थांबतो. लांडगा अंधारात ठेचकाळत नाही, माणूस ठेचकाळतो, आणि लिहिणाऱ्याने समोरच्या माणसाचे पाय बारकाईने पाहिले होते. त्याने हा विषादाचा, म्हणजे मनाचा, विकार ठरवला आणि रक्तमोक्षण, पौष्टिक अन्न, गोड्या पाण्याची स्नाने आणि दुधाची निवळी हे उपचार सांगितले. रक्तमोक्षण सोडले तर यात कोणाला अपाय होईल असे काही नाही.

हजार वर्षांनंतर याच युरोपात याच माणसांना न्यायालयात उभे केले गेले, ही गोष्ट मला अतिशय क्लेशकारक वाटते. आपण राहता त्याच देशात, कोलोनजवळच्या बेडबुर्ग येथे पेटर श्टुम्पला 31 ऑक्टोबर 1589 रोजी चाकावर हालहाल करून ठार मारण्यात आले. सैतानाने दिलेल्या पट्ट्याने आपण लांडगा होतो, असा कबुलीजबाब त्याच्याकडून छळाच्या धाकाने घेतला होता. चौदा वर्षांनी, 1603 मध्ये, फ्रान्समधील बोर्दोच्या न्यायालयापुढे जाँ ग्रेनिए हा गुरे राखणारा किशोरवयीन मुलगा आला. त्यानेही आपण लांडगा होऊन मुले खाल्ल्याचे सांगितले. न्यायाधीशांनी त्याच्या बुद्धीची अवस्था पाहून देहदंड दिला नाही आणि त्याला जन्मभरासाठी एका मठात ठेवले. आज मानसोपचारात हा भ्रम अत्यंत विरळा म्हणून ओळखला जातो. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात 1850 ते 2012 या काळातील अशा भ्रमांची 56 प्रकरणे एकत्र केली होती आणि त्यांपैकी फक्त 13 खऱ्या अर्थाने स्वतःला लांडगा मानणाऱ्यांची होती. बाकीच्यांना आपण कुत्रा, साप किंवा अन्य प्राणी झालो आहोत असे वाटत होते.

पोर्फायरियाचे म्हणणे 1960च्या दशकात एका इंग्रज डॉक्टराने मांडले. या आजाराच्या एका दुर्मीळ प्रकारात उन्हाने त्वचेवर फोड येतात, दात लालसर होतात आणि केस वाढतात, एवढ्यावर तो सिद्धान्त उभा आहे. मला तो पटत नाही. ज्यांच्यावर खटले झाले त्यांच्या वर्णनांत फोडांचा आणि लालसर दातांचा मागमूस नाही, आणि इतका दुर्मीळ आजार इतक्या दूरवरच्या कथांचे मूळ कसा ठरेल? दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. पोर्फायरियाचे रुग्ण आज आपल्यात आहेत. अंगभर केस येण्याच्या जन्मजात विकाराचे रुग्णही आहेत. सोळाव्या शतकात तेनेरीफ बेटावरून आणलेल्या पेत्रुस गोन्साल्वुसला फ्रान्सच्या राजदरबारात नवलाची वस्तू म्हणून वाढवले गेले, तो याच विकाराचा होता. राक्षसाचे ‘वैज्ञानिक स्पष्टीकरण’ म्हणून खऱ्या रुग्णांकडे बोट दाखवण्यापूर्वी आपण दहा वेळा विचार करावा.

प्रश्न : माझ्या कथेतील नायक बाधित आहे. रूपांतराच्या रात्री त्याच्या हातून शेजाऱ्याचा जीव जातो. सकाळी त्याला काहीच आठवत नाही. तो दोषी ठरावा का? पौर्णिमेला त्याला घरातच कोंडतात आणि चावी धाकट्या भावाकडे असते. गाव त्याला वेशीबाहेर पाठवू पाहते. (एक वाचक, चंद्रपूर)

आधी वेशीबाहेरचे पाहू, कारण आपल्या जिल्ह्याला ते कोणी शिकवण्याची गरज नाही. कुष्ठरोग्यांना गावाने बाहेर काढले म्हणून बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. त्या रोगाचा जंतू हान्सेनने 1873 मध्येच दाखवला होता, औषधेही आली आणि तो बरा होऊ लागला, तरीही जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यांतून हटायला 2019 उजाडले. रोग समजणे आणि रोग्याला घरात घेणे यांमध्ये जे अंतर असते, तेवढे आपल्या कथेतही राहू द्या. वैद्याने औषध शोधल्याच्या दुसऱ्या दिवशी गावाने मिठी मारली, असे लिहू नका.

दोषाचा विचार आपला कायदा दोन पायऱ्यांवर करतो. मनाच्या विकारामुळे आपण काय करतो आहोत हे त्या क्षणी ज्याला कळत नव्हते, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही. भारतीय दंडसंहितेच्या कलम 84 मध्ये हे होते आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 मध्ये आहे. त्या रात्रीपुरता आपला नायक या कलमाच्या आसऱ्याला येईल. परंतु जीवघेण्या रोगाचा संसर्ग पसरण्याची शक्यता माहीत असताना निष्काळजीपणे वागणे हा वेगळा गुन्हा आहे, पूर्वीचे कलम 269 आणि आताचे 271. त्याचा रोख रात्रीवर नसून दुपारवर असतो. पौर्णिमा आहे हे त्याला ठाऊक होते का, मागच्या वेळी कडी सैल झाल्याचे त्याने पाहिले होते का, आणि सूर्य मावळण्याआधी त्याने कोणाला तसे सांगितले का, हे प्रश्न न्यायासनासमोर यायला हवेत. म्हणून खुनाचा प्रसंग थोडक्यात आटोपून त्या दुपारला पूर्ण प्रकरण द्यावे, असे मी सुचवतो.

भावाचे वय मात्र आपल्या पत्रात नाही, ते आधी ठरवा. तो वीस वर्षांचा असेल तर दार उघडे राहण्याचा जाब त्याला द्यावा लागेल. तो दहा वर्षांचा असेल तर ती चावी त्याच्या हाती कोणी दिली, हे आधी विचारले जाईल, आणि मग आपल्या कथेतील आई-वडिलांना, जे आतापर्यंत केवळ मागच्या खोलीत रडत आहेत, पुढे येऊन बोलावे लागेल.